धर्मसुधारणा, राजसत्ता आणि देशभाषा : न्या. रानडे यांच्या एका तुलनेची वाशीम परिसरातील साधनांच्या आधारे चिकित्सा

१

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यातील संतांविषयीच्या प्रकरणात त्यांनी महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेची तुलना सोळाव्या शतकातील युरोपीय प्रोटेस्टंट सुधारणेशी केली. या तुलनेला आता सव्वाशे वर्षे होत आली, तरी मराठी वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनात तिचे वजन कमी झालेले नाही. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांत ती अवतरणाच्या रूपाने येते, प्रबंधांच्या प्रस्तावनांत गृहीत तत्त्व म्हणून येते आणि लोकप्रिय व्याख्यानांत तर तिचा कर्ता कोण हेही सांगण्याची गरज वाटत नाही. एखादी तुलना इतकी अंगवळणी पडली की ती तुलना आहे याचाच विसर पडतो आणि तिला वस्तुस्थितीचे रूप येते. अशा वेळी ती मुळातून तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

रानडे यांच्या प्रतिपादनाचा गाभा थोडक्यात असा. संतांच्या चळवळीने देशभाषेत मोलाचे वाङ्मय निर्माण केले. जातिभेदाचा ताठरपणा सैल केला. शूद्रांना आत्मिक प्रतिष्ठा दिली. गृहस्थाश्रमाचे पावित्र्य वाढविले. कर्मकांड, तीर्थाटन व व्रतवैकल्ये यांच्यापेक्षा प्रेम व श्रद्धा श्रेष्ठ मानली. अनेकदेवतावादाच्या अतिरेकास आळा घातला. मुसलमानांशी समन्वयाचा मार्ग दाखविला. आणि या सर्वांच्या योगे राष्ट्राची विचारशक्ती व कार्यशक्ती उंचावून स्वराज्यस्थापनेची भूमिका सिद्ध केली. ही फलश्रुतीची यादी पाहिली म्हणजे तिच्यातील प्रत्येक कलमास युरोपातील सुधारणेचे एकेक कलम जोडता येते हे ध्यानात येते. तुलना रेखीव आहे, आणि तिच्यामागे प्रार्थनासमाजाच्या एका धुरीणाची स्वतःच्या काळाविषयीची तळमळही आहे. परंतु या रेखीव चित्रात एक पात्र गैरहजर आहे. ते पात्र म्हणजे राजा.

युरोपीय सुधारणेचा इतिहास राजे, सरदार व नगरसभा यांना वगळून सांगताच येत नाही. रानडे यांच्या तुलनेत मात्र राजसत्ता अगदी अखेरीस, फळाच्या रूपाने येते. कारणांच्या व साधनांच्या रूपाने ती येत नाही. या एका उणिवेमुळे तुलनेचे सगळे गणित कसे बदलते, हे पाहणे हा येथील विषय आहे. त्यासाठी वाशीम जिल्ह्याचा परिसर विशेष सोयीचा आहे. हा जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु त्याच्या सीमेत एका प्राचीन राजवंशाची राजधानी (वत्सगुल्म म्हणजेच वाशीम), जैन भट्टारकांच्या गाद्या व हस्तलिखितांचे भांडार (कारंजा) आणि दत्तसंप्रदायाच्या एका प्रमुख पुरुषाचे जन्मस्थान (पुन्हा कारंजाच) अशी तीन निरनिराळ्या कालखंडांतील साधने एकत्र आली आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे आद्यपीठ. धर्म, दरबार आणि देशभाषा यांचे परस्परसंबंध तपासण्यास एवढी सामग्री पुरेशी आहे.

२

प्रथम तुलनेची युरोपीय बाजू. ‘प्रोटेस्टंट’ हा शब्दच मुळी राजकीय आहे. १५२९ साली श्पायर येथे भरलेल्या साम्राज्यसभेत बहुमताने झालेल्या निर्णयाविरुद्ध सहा राजेरजवाड्यांनी आणि चौदा नगरांनी जो लेखी निषेध नोंदविला, त्यावरून हे नाव पडले. निषेध करणारे धर्मोपदेशक नव्हते. ते सत्ताधारी होते. १५१७ साली मार्टिन ल्यूथर याने विटेनबर्ग येथे आपले प्रतिपादन पुढे मांडले तेव्हा तो ज्या विद्यापीठात शिकवीत होता, ते विद्यापीठ सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याने १५०२ साली स्थापन केलेले होते. १५२० साली ल्यूथरने सुधारणेचे आवाहन केले ते जर्मन राष्ट्रातील ख्रिस्ती सरदारवर्गास उद्देशून. १५२१ च्या वर्म्स येथील सभेत त्याला बहिष्कृत ठरविण्यात आल्यावर त्याचे प्राण वाचले ते याच फ्रेडरिकने त्याला वार्टबुर्गच्या गढीत लपवून ठेवल्यामुळे. आणि त्या गढीतच नव्या कराराचे जर्मन भाषांतर सिद्ध होऊन सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून बाहेर पडले. संपूर्ण बायबल १५३४ साली आले. त्याच वर्षी इंग्लंडात आठव्या हेन्रीने स्वतःस धर्मसंस्थेचा सर्वोच्च प्रमुख ठरविणारा कायदा करवून घेतला. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने तर ज्याचे राज्य त्याचा धर्म हे तत्त्व मान्य केले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आपण सॅक्सनीच्या राजदप्तराच्या भाषेस अनुसरून लिहितो, कारण जर्मनीतील सर्व राजे व नगरे तिचाच अवलंब करतात, असे ल्यूथरने सांगितल्याची नोंद त्याच्या संभाषणांच्या संग्रहात आहे. दुसरीकडे, भाषांतराविषयीच्या १५३० सालच्या पत्रात घरातील आई, गल्लीतील मुले व बाजारातील सामान्य माणूस यांच्या बोलण्याकडे कान द्यावा असे तो बजावतो. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. त्याने शब्दसंपत्ती, वाक्प्रचार व वाक्याची चाल लोकांकडून घेतली. वर्णलेखन, प्रत्ययव्यवस्था आणि बोलींच्या पलीकडे जाणारी सर्वसामान्यता मात्र राजदप्तराकडून घेतली. दप्तराने एकरूपता दिली, मुद्रणाने प्रसार दिला आणि राजाने संरक्षण दिले; या तिहींच्या आधारे ल्यूथरची जर्मन प्रमाणभाषेच्या घडणीत केंद्रस्थानी आली.

प्रोटेस्टंट सुधारणेत राजाश्रयावाचून वाढलेला एक प्रवाहही होता, हे येथे सांगितले पाहिजे. प्रौढांच्या स्नानसंस्काराचा आग्रह धरणाऱ्या ॲनाबाप्टिस्ट पंथीयांना कॅथलिक व ल्यूथरपंथी अशा दोन्ही प्रकारच्या राजांनी छळले. त्यांच्यातील हुटराइट शाखेने आपले इतिहास व उपदेशग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकलून जतन केले. रानडे यांच्या तुलनेत या प्रवाहास स्थान नाही. पण पुढे दिसून येईल की मराठी बाजूचा खरा समांतर शोधायचा झाला तर तो येथेच सापडण्याचा संभव अधिक.

३

आता मराठी मुलखाकडे वळावे. देशभाषेचा स्वीकार हे सुधारणेचे पहिले लक्षण, असे रानडे यांच्या यादीवरून वाटते. वाशीम येथील सर्वांत जुने साधन या समजुतीस छेद देते. १९३९ साली वाशीम येथे सापडलेला वाकाटक विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष ३७ मधील असून वत्सगुल्म येथून दिलेला आहे. त्याचा वंशवर्णनाचा आरंभीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यावहारिक तपशील प्राकृतात आहे. राजा स्वतःस ‘धर्ममहाराज’ म्हणवितो आणि दान वैदिक ब्राह्मणांना देतो. याच शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले होते; ते आज लुप्त असले तरी अलंकारशास्त्रकारांनी त्यातून उतारे घेतले आहेत. राजशेखराने साहित्यविद्या आणि काव्यपुरुष यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला, तो या दरबाराच्या कीर्तीच्या जोरावर.

येथे देशी वळणाची भाषा आहे, तिला राजाचा हातही आहे. परंतु धर्मसुधारणा मुळीच नाही. प्राकृत ही येथे विद्रोहाची भाषा नसून एकीकडे महसुली व्यवहाराची आणि दुसरीकडे नागर शृंगाराची भाषा आहे. या शाखेचा पुढील राजा देवसेन याचा ताम्रपट संस्कृतात आहे. म्हणजे काही पिढ्यांतच राजशासनातून प्राकृत मागे पडली. त्यानंतरच्या हरिषेणाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध संघास अर्पण केले, आणि त्यावरील लेखही संस्कृत काव्यातच आहे. ज्या बौद्धांनी एके काळी लोकभाषेचा आग्रह धरला, त्यांच्याच लेण्यावर दरबारी मंत्र्याने संस्कृत प्रशस्ती कोरावी, ही घटना सूचक आहे. भाषा आणि सुधारणा यांचे नाते स्वयंसिद्ध नसते. भाषेची निवड कोण, कोणासाठी आणि कोणत्या व्यवहारात करतो, त्यावर ते अवलंबून असते, एवढा निष्कर्ष या साधनांवरून निघतो.

४

दुसरे साधन कारंजा येथील जैन वाङ्मयाचे. कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांची मंदिरे असून तेथील भांडारांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सूचीत झाली. त्यातून अपभ्रंश वाङ्मयाचे एक दालन विद्वानांना खुले झाले आणि कारंजा ग्रंथमालेतून ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ १९३१ ते १९३४ या अल्पावधीत प्रसिद्ध झाले. मराठीच्या पूर्वरूपांचा अभ्यास करणाऱ्यास या प्रकाशनांचे ऋण विसरता येत नाही.

या मालेतील दोन ग्रंथकारांची तुलना प्रस्तुत विषयावर प्रकाश टाकते. पुष्पदंत हा दहाव्या शतकातील महाकवी. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याचा मंत्री भरत याच्या आश्रयाने त्याने मान्यखेट येथे ९५९ ते ९६५ या काळात ‘महापुराण’ रचले आणि पुढे भरताचा पुत्र नन्न याच्या घरी राहून उपरोक्त दोन चरिते लिहिली. आपल्या काव्याच्या आरंभी दरबाराविषयीची उद्विग्नता त्याने तीव्र शब्दांत मांडली आहे. दुर्जन राजाच्या वक्र भुवया पाहण्यापेक्षा रानातले मरण बरे, असा त्या उद्‌गारांचा आशय आहे. तरीही त्याचे काव्य शेवटी मंत्र्याच्या वाड्यात सिद्ध झाले. राजाविषयी विरक्ती आणि राजमंडळाविषयी आश्रितभाव ही दोन्ही एका कवीत नांदू शकतात. पण त्या आश्रयाची किंमतही आहे. पुष्पदंताची अपभ्रंश विशाल, अलंकृत आणि पुराणपरंपरेशी एकनिष्ठ आहे. जैन धर्मसंस्थेतील कोणत्याही गोष्टीवर ती प्रश्नचिन्ह लावीत नाही.

रामसिंह मुनीचा ‘पाहुडदोहा’ हा दुसऱ्या जातीचा ग्रंथ. त्याच्या मागे ना मंत्री आहे, ना वाडा. दोन ओळींच्या सुट्या दोह्यांत तो मुंडन, तीर्थयात्रा, पोथीपांडित्य, देवळातील मूर्ती या सर्वांचे वैयर्थ्य दाखवितो आणि देहातच देव शोधावयास सांगतो. रानडे यांच्या यादीतील कर्मकांडाविषयीचे कलम ज्ञानेश्वरांच्या आधीच्या या ग्रंथास लागू पडते, आणि तेही एका श्रमण परंपरेच्या आत. ग्रंथप्रकाराकडे लक्ष दिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. राजाश्रयाने दीर्घ प्रबंधकाव्य शक्य होते, कारण त्यासाठी वर्षानुवर्षांचे स्वास्थ्य, लेखक व लेखनसाहित्य लागते. आश्रयावाचूनच्या निषेधास सुटा, पाठ होण्याजोगा, तोंडोतोंडी फिरणारा रचनाप्रकार लागतो. पुढे अभंग, ओवी, भारूड यांनी जे केले त्याची बीजे दोह्यांच्या या अर्थव्यवस्थेत आहेत.

५

महानुभाव पंथाच्या बाबतीत राजा, धर्म व भाषा यांचा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. रानडे यांनी हे वाङ्मय विचारात घेतले नाही, याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. १९०० साली पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांच्या कुलपात होते. परंतु आज ते हाती असताना जुनी तुलना तशीच चालू ठेवण्यास सबब उरलेली नाही.

पंथाच्या परंपरेनुसार श्रीचक्रधर हे मूळचे भडोचच्या प्रधानाचे पुत्र. म्हणजे दरबारातून बाहेर पडूनच या आचार्याच्या चरित्रास आरंभ होतो. रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. यादवराजे कृष्ण व महादेव यांना चक्रधरांविषयी आदर होता असे परंपरा सांगते. त्याच परंपरेत महादेव व रामचंद्र या दोघांच्या राज्यात श्रीकरणाधिप असलेला हेमाद्री हा विरोधक म्हणून येतो. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा संस्कृतातील महाकोश. चक्रधरांनी नाकारले ते सर्व या ग्रंथात सविस्तर प्रतिष्ठित झाले आहे. दोघांचा संघर्ष व्यक्तिगत होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. राजदप्तराचा अधिपती कर्मकांडाचा संहिताकार आहे आणि सुधारकाच्या वाट्याला त्या दप्तराबाहेरचे जग आले आहे, ही वस्तुस्थिती महत्त्वाची. विटेनबर्गमध्ये दप्तर आणि सुधारक एका बाजूस होते. देवगिरीत ते समोरासमोर उभे आहेत.

याचा परिणाम भाषेवर झाला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे गद्य हे यादवकालीन शिलालेखांच्या मराठीपेक्षा निराळे आहे. शिलालेखांची मराठी सूत्रबद्ध आहे. तिथी, दाते, रकमा व शापवचने यांच्या ठरीव साच्यात ती चालते. ‘लीळाचरित्रा’चे वाक्य आखूड, संवादप्रधान व प्रसंगनिष्ठ आहे, त्यात भिक्षा मागणाऱ्या बाया, गुरवांची घरे, मुलांचे खेळ, भाकरी-कोरड्यासाचे तपशील येतात. नागदेवाचार्यांविषयीच्या ‘स्मृतिस्थळा’त केशिराजबास व पंडित यांना संस्कृताऐवजी मराठीकडे वळविण्याचे जे प्रसंग आहेत, त्यांतील युक्तिवाद लक्षणीय आहे. संस्कृतात लिहिल्यास पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील, असा त्याचा आशय आहे. ल्यूथरच्या घरातील आईची येथे आठवण व्हावी. मात्र ल्यूथरच्या पाठीशी दप्तर होते, नागदेवांच्या पाठीशी केवळ म्हाताऱ्या होत्या. येथे मराठीची निवड तिचा प्रदेशभर प्रसार व्हावा म्हणून झालेली नाही. समोर बसलेला श्रोता वंचित राहू नये म्हणून झाली आहे.

आणि म्हणूनच पुढची घटना समजण्यासारखी आहे. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ज्या वाङ्मयाने म्हाताऱ्या बायांसाठी संस्कृत सोडले, तेच वाङ्मय पंथाबाहेरच्या प्रत्येक मराठी वाचकास सुमारे पाचशे वर्षे अगम्य झाले. भाषा सर्वांची आणि लिपी मोजक्यांची, असा हा विरोधाभास आहे. त्यामागे पाठाचे पावित्र्य राखण्याची इच्छा आहे, आणि संरक्षक राजा नसलेल्या समाजाची सावधगिरीही आहे. हुटराइटांच्या हस्तलिखितांशी याचे साम्य उघड आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय प्रकाशात आले. वाशीम ताम्रपटाच्या संपादकांपैकी एक य. खु. देशपांडे हेच होते. विदर्भातील राजशासन आणि विदर्भातील विद्रोह ही दोन्ही एकाच अभ्यासकाच्या हातून उजेडात यावीत, हा योग उल्लेखनीय आहे.

वारकरी परंपरेचे दरबाराशी असलेले नाते याहून सौम्य आहे. पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशीच्या’ शिलालेखात (शके ११९५ ते ११९९) विठ्ठलमंदिराच्या दात्यांत रामचंद्र यादव व हेमाद्री यांची नावे येतात, आणि १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस रामचंद्राचा आदराने निर्देश आहे. राजा येथे शत्रू नाही; परंतु तो आश्रयदाताही नाही. तो काळ सांगण्यासाठी येतो.

६

तुलनेस सर्वांत अडचणीचे ठरणारे साधन कारंजाचेच आहे. श्रीनृसिंह सरस्वती यांचा जन्म कारंजा येथे झाला. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधरकृत ‘गुरुचरित्र’ या ग्रंथात आहे. ग्रंथ मराठीत आहे, त्यातील पुरुष सर्व जातींच्या लोकांस जवळ करणारा आहे, राजा त्याच्या पायाशी येतो. रानडे यांच्या यादीतील बरीच बाह्य लक्षणे येथे जुळतात. तरीही त्यास सुधारणेचा ग्रंथ म्हणणे धाडसाचे होईल.

सत्ताविसाव्या अध्यायाच्या आसपासचे आख्यान पाहावे. बेदरच्या यवन राजाच्या सभेत वेदपठण करून द्रव्य व मानपत्रे मिळविणारे दोन उन्मत्त ब्राह्मण गाणगापुरास वाद करण्यास येतात. श्रीगुरू वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजास बोलावून सात रेघा ओलांडावयास लावतात; एकेक रेघ ओलांडताच त्यास एकेका पूर्वजन्माची स्मृती होते आणि सातव्या रेघेवर तो वेदज्ञ ब्राह्मण होऊन त्या दोघांस निरुत्तर करतो. येथपर्यंत ही कथा जातिश्रेष्ठत्वाचा पराभव वाटते. पुढे मात्र तो मनुष्य आपण आता ब्राह्मण आहोत म्हणून बायकामुलांकडे परतण्यास नाकारतो, तेव्हा त्याच्या अंगावरील विभूती धुऊन टाकण्यात येते, स्मृती जाते आणि तो पूर्वीच्या जातीत परत जातो. आख्यानाची रचनाच अशी आहे की उल्लंघन क्षणभर दाखवावयाचे आणि मर्यादा कायमची सिद्ध करावयाची. मध्यंतरी येणारे कर्मविपाकाचे प्रदीर्घ विवेचन या पुनःस्थापनेचे समर्थन म्हणूनच योजिले आहे. ज्ञानदेवांच्या चरित्रातील रेड्याच्या आख्यायिकेत असे परतणे नाही, हा भेद केवळ तपशिलाचा नव्हे.

दरबाराचा येथील उपयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. ब्राह्मणांचा दोष त्यांनी वेद पढला हा नसून तो यवनाच्या सभेत विकला हा आहे. पन्नासाव्या अध्यायात बेदरचा राजा स्वतः गाणगापुरास येतो. तो पूर्वजन्मीचा रजक, श्रीपाद श्रीवल्लभांचा भक्त, वरदानाने राजा झालेला. मुसलमानी सत्तेचे स्पष्टीकरण कर्मसिद्धांताच्या चौकटीत बसवून तिला गुरूच्या कृपेच्या अधीन करण्याची ही युक्ती आहे. राजाला नाकारले नाही, त्याच्याकडून आश्रयही मागितला नाही. त्याला कथेतून आपल्या व्यवस्थेत सामावून घेतले. वर्णाश्रमाची घडी राखीत परकी सत्तेशी जमवून घेणारे हे धोरण आहे, आणि त्याचे वाहन शुद्ध मराठी ओवी आहे.

येथून संतचरित्रांच्या सर्वसामान्य घाटाकडे वळता येते. रानडे यांचा मुख्य आधार महिपती. ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) यांत बादशहा, राजे, अधिकारी वारंवार येतात. पण त्यांच्या येण्याचा साचा एकच. सत्ता परीक्षा पाहते, चमत्कार घडतो, सत्ता नम्र होते, संत दान परत करतो. राजा याचक आणि संत निरपेक्ष, हा या वाङ्मयाचा संकेत आहे. ल्यूथर सरदारांना आवाहन करतो. महिपतीचा संत राजाकडे पाठ फिरवितो. ज्या वाङ्मयाचा रचनासंकेतच आश्रयाचा नकार हा आहे, त्यातून आश्रयाश्रित सुधारणेचा इतिहास वाचणे म्हणजे वाङ्मयीन संकेतास ऐतिहासिक कारण समजणे होय. रानडे यांच्या तुलनेतील पद्धतीचा दोष येथे आहे.

७

यावर असा आक्षेप येईल की सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या रूपाने तो गैरहजर राजा अखेर प्रकट झालाच. मग तुलना पूर्ण झाली असे का मानू नये? राजवाडे यांनी वेगळ्या मार्गाने जवळजवळ हेच म्हटले होते. वारकऱ्यांचा धर्म सहिष्णू आणि समर्थांचा महाराष्ट्रधर्म जयिष्णू, असा भेद करून त्यांनी सुधारणेचे श्रेय एका संतांकडून दुसऱ्याकडे नेले. संत आणि राज्य यांतील कार्यकारणभाव मात्र कायम ठेवला. रामदास व शिवाजी महाराज यांच्या भेटीच्या कालाविषयीचा वाद सर्वश्रुत आहे. त्या वादात न शिरताही भाषेच्या पुराव्यावरून काही ठरविता येते.

सुधारणेची भाषा आणि राज्याची भाषा एकत्र आली असती तर तिचा ठसा राजदप्तरावर उमटला असता. प्रत्यक्षात १६७४ च्या राज्याभिषेकानंतर दप्तराच्या भाषेची शुद्धी करावयाची ठरली तेव्हा रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविण्यात आला, आणि त्यात फार्सी संज्ञांना पर्याय दिले गेले ते संस्कृत. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांनी चार शतके घडविलेल्या मराठीचे शब्दभांडार त्या कामी आधारभूत मानले गेले नाही. दुसऱ्या बाजूने रोजच्या पत्रव्यवहारात फार्सीमिश्रित मोडी मराठी चालूच राहिली. अभंगाची भाषा, कोशाची भाषा आणि दप्तराची भाषा असे तीन स्रोत वेगवेगळे वाहिले. सॅक्सनीत जे एका ग्रंथात एकवटले ते महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत एकवटले नाही. आणि एकवटले तेव्हाही ते शाळाखाते, कोशकार व छापखाने यांच्या द्वारा.

शब्दशः प्रोटेस्टंट धर्म आणि मराठी दरबार यांची गाठ ज्या एका ठिकाणी खरोखर पडली, ते ठिकाण महाराष्ट्राबाहेर आहे. तंजावरचे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांचे शिक्षण व संगोपन ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. राजाने गुरूचे संगमरवरी स्मारक उभारले, पण स्वतः शैवच राहिला. बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास १८०३ साली कोरविला तो मराठीत. श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य वेदनायकम शास्त्री याने त्या दरबाराच्या आश्रयाने प्रोटेस्टंट भक्तिकाव्य रचले ते तमिळमध्ये. राजाची भाषा एक, सुधारणेची भाषा दुसरी. राजाश्रय असूनही त्या दोहोंचे नाते जुळले नाही, कारण तो आश्रय व्यक्तिगत स्नेहाचा होता. दप्तर, धर्मसंस्था व प्रजा यांना एका सूत्रात ओवणारा नव्हता.

८

एवढ्या विवेचनावरून रानडे यांची तुलना सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. परस्परांपासून अलग वाटणाऱ्या संतांकडे एक चळवळ म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. स्त्रिया, शूद्र व अंत्यज संतांना इतिहासाच्या पानावर सन्मानाने आणले. वाङ्मय आणि समाज यांचा संबंध विचारार्ह आहे हे शिकविले. पुढे गं. बा. सरदार यांनी संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीची मीमांसा केली, तिचा पायाही याच प्रश्नाने घातलेला आहे. प्रश्न रानडे यांचा आहे. अपुरे आहे ते उत्तर.

अपुरेपणाचे कारण हे की तुलनेत फळे मोजली गेली, साधने मोजली गेली नाहीत. साधने मोजू लागताच वाशीम परिसरातील चार साक्षी चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात. वत्सगुल्मात देशभाषेस राजाश्रय होता, सुधारणा नव्हती. कारंजाच्या मालेत मंत्र्याच्या घरचे महाकाव्य आणि बेघर निषेधाचा दोहा शेजारी शेजारी आहेत. रिद्धपूरच्या परंपरेत सुधारणा होती, देशभाषा होती, राजदप्तर विरुद्ध होते. आणि म्हणून लिपी गुप्त झाली. ‘गुरुचरित्रा’त देशभाषा होती, राजाचे पायाशी येणे होते, पण हेतू मर्यादेच्या रक्षणाचा होता. या चारही गोष्टींना ‘मराठी प्रोटेस्टंट सुधारणा’ असे एकच नाव दिले तर त्यांतील प्रत्येकीचे वैशिष्ट्य पुसले जाते.

यात अभ्यासकांचे जे नुकसान होते ते केवळ नावापुरते नाही. राज्यस्थापना हे संतवाङ्मयाचे फळ मानले की जे वाङ्मय राज्याकडे गेले नाही ते निष्फळ ठरते. महानुभावांचे गद्य मग प्रस्तावनेत जाते, जैन मराठी व अपभ्रंश ग्रंथ परिशिष्टात जातात. आजही अनेक अभ्यासक्रमांची मांडणी अशीच आहे. तुलना करावयाचीच असेल तर ती ल्यूथरशी करण्याआधी, ज्यांना राजा मिळाला नाही त्या युरोपीय पंथांशी करावी. त्यांच्या हस्तलिखितांचे, गुप्ततेचे व पाठपरंपरेचे अध्ययन मराठी अभ्यासकास अधिक उपयोगी पडेल. कारंजा व रिद्धपूर येथील हस्तलिखितांच्या पाठांची, लेखनिकांच्या नोंदींची आणि लिपिभेदांची एकत्र छाननी हे त्या दिशेचे पहिले काम होय. विदर्भातील मराठी विभागांना ते भौगोलिकदृष्ट्या सर्वांत जवळचे आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे.